कोकरांना मोड आलेलं धान्य: मुरबाड-शहापूरकडच्या नवख्या पाळणाऱ्यांसाठी

राहायला ठाणे किंवा कल्याण, आणि मुरबाड, शहापूर, बदलापूरकडे अर्धा-एक एकर जागा. तिथे आंब्याची चार झाडं, एक शेड आणि हौसेने घेतलेली पाच-दहा कोकरं. अशी मंडळी हल्ली बरीच भेटतात. कोकरं मिळायला फार अडचण येत नाही. भात कापून झालं की घाटावरचे धनगर कळप घेऊन खाली उतरतात, मोकळ्या खाचरांत मेंढ्या बसवतात आणि पावसाच्या तोंडावर परत घाट चढतात. त्या चार-सहा महिन्यांत ओळख काढली तर चांगली कोकरं निवडून घेता येतात. पौष पौर्णिमेच्या म्हसा यात्रेतही जनावरांचा बाजार भरतो, पण तो मुख्यतः बैलांचा. तर कोकरं घरी येतात, आणि त्यांना रोज घालायचं काय, इथे घोडं पेंड खातं.

मग कोणीतरी मोबाईलवर व्हिडिओ दाखवतं. एक किलो मका, आठ दिवस, आणि ट्रेमध्ये सहा-सात किलो हिरवागार चारा! मोड आलेलं धान्य ही चांगली वस्तू आहे, मी स्वतः ती घालायला सांगतो. पण हा सहा-सात किलोंचा आकडा डोक्यातून काढून टाका. कोकराला किती घालायचं, महिन्याला किती लागेल, परवडेल का, हा सगळा हिशोब भिजवण्याआधीच्या कोरड्या दाण्यावर करायचा. ट्रेमधून निघालेल्या ओल्या मालावर नाही. एवढं पक्कं धरलंत तर पुढचं बरंच सरळ होईल.

मोड आल्याने काय होतं, काय होत नाही

दाणा भिजला की आतलं बी जागं होतं. विकरं कामाला लागतात, स्टार्चचा काही भाग साखरेत बदलतो, दाणा मऊ आणि किंचित गोड होतो. जीवनसत्त्व ई आणि कॅरोटीन वाढतं. दाण्यात फायटेटच्या रूपात अडकलेला फॉस्फरस थोडा मोकळा होतो, पण मेंढीच्या कोटीपोटातले (पोटाचा पहिला मोठा कप्पा, जिथे चारा आंबतो) जंतू ते काम तसंही करतात. त्यामुळे कोंबडीला या गोष्टीचा जितका फायदा, तितका मेंढीला नाही. कोकराच्या बाबतीत खरा फायदा दोन जागी दिसतो. दुधावरचं पोर, दात नाजूक, कडक मका तोंडात फिरवून टाकून देतं, तेच मोड आलेला मऊ दाणा आवडीने खातं. आणि हिरवं गवत संपलेल्या मार्च ते मे या महिन्यांत कॅरोटीनची थोडी भर पडते.

आता न होणारं. मोड आल्याने दाण्यात नवं अन्न तयार होत नाही. उलट कोंब वाढवायला बी आपल्याच पोटातला साठा जाळतं. प्रथिनांचा टक्का वाढल्याचं सांगतात ते खोटं नाही, पण तो वाढतो स्टार्च जळून कमी झाल्यामुळे. एकूण प्रथिनं होती तेवढीच राहतात.

आकड्यांत बघू. एक किलो मक्यात साधारण ९०० ग्रॅम कोरडा अंश, म्हणजे पाणी वगळून उरणारं अन्न, असतो. आठ दिवसांचा चटईसारखा चारा समजा सहा किलो निघाला आणि त्यात साडेबारा टक्के कोरडा अंश असला, तर तो झाला ७५० ग्रॅम. म्हणजे दीडशे ग्रॅम अन्न गेलं आणि पाच किलोंवर पाणी आलं. भिजलेली घोंगडी उचलायला जड लागते, म्हणून तिच्यात लोकर काही वाढलेली नसते. २०२५-२६ चा मक्याचा आधारभूत भाव क्विंटलला २४०० रुपये. त्या दराने दाण्यातला एक किलो कोरडा अंश पावणेसत्तावीस रुपयांच्या आसपास पडतो, आणि तोच चटईतून घेतला तर ३२ रुपयांना. ट्रे, वीज, पाणी आणि माणसाची मजुरी यात धरलेलीच नाही.

पोटात मावण्याचा प्रश्न वेगळाच. पंधरा किलोच्या वाढत्या कोकराला दिवसाला वजनाच्या साडेतीन-चार टक्के, म्हणजे सहाशे ग्रॅमपर्यंत कोरडा अंश लागतो. तो नुसत्या चटईतून द्यायचा तर पावणेपाच-पाच किलो ओला चारा खाऊ घालावा लागेल, त्याच्या वजनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा. पोट टम्म दिसेल आणि पाठीचा कणा हाताला लागत राहील.

म्हणून माझा सल्ला असा: कोकरांसाठी आठ दिवसांची चटई नको, दोन दिवसांचे मोड करा. कोंब जेमतेम बाहेर डोकावतो, दाणा मऊ झालेला असतो, साठा फारसा जळालेला नसतो, आणि आपल्या दमट हवेत बुरशीला पुरेसा वेळही मिळत नाही. हायड्रोपोनिकचं, म्हणजे मातीशिवाय ट्रेमध्ये चारा वाढवायचं, यंत्र विकणारा माणूस तुम्हाला वेगळं सांगेल. त्याला फक्त एकच विचारा, निघालेल्या चाऱ्यात कोरडा अंश किती?

कोणतं धान्य घ्यावं

मका आणि बाजरी, हे दोन पुरे. मक्यात साधारण नऊ टक्के प्रथिनं, बाजरीत अकराच्या आसपास. मक्याचा स्टार्च कोटीपोटात सावकाश फुटतो, त्यामुळे नवख्याच्या हातून एखादी मूठ जास्त पडली तरी गव्हाइतका लगेच घोटाळा होत नाही. गहू आणि सातू यांना मोड झकास येतात, पण त्यांचा स्टार्च भराभर आंबतो. हात बसल्यावर त्यांच्याकडे वळा. हरभऱ्याची मूठभर भर चालते, कोकरं तुटून पडतात त्यावर, फक्त महाग पडतो.

ज्वारीचे मोड घालू नका. ज्वारीच्या कोवळ्या कोंबात धुरीन नावाचं द्रव्य असतं, पोटात गेल्यावर त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटतं आणि जनावर पटकन दगावू शकतं. कोरडी ज्वारी भरडून घातली तर हा धोका नाही. धोका कोंबात आहे. ज्वारीचं कोवळं पोंगं खाऊन जनावर फुगून मेलं, असं घाटावरची जुनी माणसं सांगतात ना, तेच हे.

दुसरी मनाई पेरणीच्या बियाण्याला. कृषी सेवा केंद्रात जूनमध्ये उरलेलं मक्याचं बियाणं स्वस्तात मिळतं, गुलाबी नाहीतर हिरव्या रंगाचं. तो रंग बुरशीनाशकाचा असतो. धुऊन जात नाही. कच्चं सोयाबीनही नको. त्यातली प्रथिनं पचू न देणारी द्रव्यं दोन दिवसांच्या मोडाने जात नाहीत.

खरेदीसाठी जास्त माल हवा असेल तर वाशीच्या बाजार समितीतलं दाणा बंदर आहे, नाहीतर कल्याणची बाजार समिती. दहा कोकरांना तेवढं करायची गरज नाही, तालुक्याच्या पशुखाद्याच्या दुकानातून एक पोतं घेतलं तरी महिनाभर जातं. मात्र घेताना मूठ भरून बघा. पशुखाद्याच्या दुकानात बऱ्याचदा फुटका मका असतो. फुटक्या दाण्याला मोड येत नाही, तो भिजला की नासतो आणि शेजारच्यालाही नासवतो. अख्खा, एकसारख्या आकाराचा, दाताखाली कट्कन फुटणारा दाणा घ्या. दाण्याच्या टोकाशी काळसर-हिरवट डाग किंवा पोत्याला कुबट वास असला तर दुकानदार कितीही ओळखीचा असो, परत करा.

पोतं घरी आलं की शंभर दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवा. तीन दिवसांत पंच्याऐंशीच्या वर मोड आले तर माल मोडासाठी चांगला. साठच आले तर उरलेले चाळीस मेलेले दाणे टोपलीत पहिले आंबणार. असलं पोतं भरडून घाला, मोडाच्या नादी लागू नका.

मोड आणण्याची रीत

सामान घरातलंच: दोन बादल्या, तीन रोवळ्या किंवा तळाला जाळी असलेले तीन क्रेट, सुती पंचे, आणि वजनकाटा. काट्याशिवाय सुरुवात करू नका.

पहिल्या दिवशी रात्री आठच्या सुमारास धान्य कोरडं मोजून घ्या. बादलीत टाकून वर चार बोटं पाणी येऊ द्या आणि हाताने चांगलं ढवळा. वर तरंगणारा फोलपट, किडका दाणा, कचरा काढून टाका. पाणी ओता, परत भरा. ओतलेलं पाणी गढूळ दिसायचं थांबेपर्यंत हे करायचं, तीन-चारदा सहज होतं. मग स्वच्छ पाण्यात बारा तास भिजत ठेवा. बाजरीला आठ तास बास. एप्रिल-मेमध्ये रात्री झोपण्यापूर्वी पाणी एकदा बदला, नाहीतर सकाळी बादलीवर फेस दिसतो.

सकाळी आठला पाणी पूर्ण निथळू द्या. इथे घाई होते. रोवळी तिरकी टेकवून दहा मिनिटं ठेवली तरच खालच्या दाण्यांमधलं पाणी निघतं. साचलेल्या पाण्यात दाणा गुदमरतो आणि आंबतो. क्रेटमध्ये ओला पिळलेला पंचा अंथरून त्यावर दाण्याचा थर दीड-दोन इंचापेक्षा जाड नको. जाड थर मधोमध तापतो. हात घालून बघा, कोमट लागला तर पसरवा. वरून पंचाची दुसरी घडी टाका. क्रेट सावलीत, वारा खेळेल अशा जागी, जमिनीपासून उंच ठेवा. पत्र्याखाली नको. शेडच्या कोपऱ्यात मेंढ्यांच्या मुताचा वास असलेल्या जागी तर मुळीच नको.

पुढे दिवसातून तीनदा, सकाळी, दुपारी, रात्री, धान्य नुसतं ओलं न करता धुवायचं. वरून पाणी ओतायचं, खालून निथळू द्यायचं, थर हलक्या हाताने वर-खाली करायचा. नुसतं शिंपडल्याने चिकटपणा तसाच राहतो. मक्याला पाणी निथळल्यापासून साधारण दोन दिवसांत मूळ एक सेंटीमीटरच्या आसपास येतं, बाजरीला दिवसभरात. डिसेंबर-जानेवारीत मुरबाड-शहापूरकडच्या थंडीत आणखी अर्धा दिवस लागतो. एवढं झालं की घालायचं. लांब कोंब छान दिसतात म्हणून थांबायचं नाही.

रोजचा माल रोज निघावा म्हणून तीन क्रेट. आज रात्री भिजवलं ते आजपासून चौथ्या दिवशी सकाळी तयार, उद्या भिजवलं ते पाचव्या. क्रेटला लाल, निळी, पिवळी सुतळी बांधून ठेवा. राखणदार बदलला तरी घोळ होत नाही. रिकामा झालेला क्रेट आणि पंचा त्याच दिवशी घासून, ब्लीचिंग पावडरच्या पाण्यातून काढून, पुन्हा साध्या पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवा. पंचा वाळला नसेल तर दुसरा घ्या. बुरशी दाण्यापेक्षा जास्त वेळा न वाळलेल्या फडक्यातूनच येते.

बुरशी की मुळाची लव?

सगळ्यात जास्त फोन याच प्रश्नाचे येतात. “दादा, पांढरं पांढरं आलंय, घालू का?” मी उलट विचारतो, “धुऊन बघितलं का? वास घेतला का?”

मुळाच्या टोकामागे बारीक पांढरी लव येते. ती मुळाभोवती सगळीकडून सारखी असते, प्रत्येक दाण्याला थोड्याफार फरकाने तशीच, आणि पाणी ओतलं की मुळाला चिकटून दिसेनाशी होते. ती चालते. बुरशी अशी वागत नाही. ती एका दाण्यावरून दुसऱ्यावर जाळं टाकते, मोड न आलेल्या किंवा फुटक्या दाण्यापासून सुरू होते, ठिपक्याठिपक्यांनी असते, आणि पाणी टाकलं तरी गोळा होऊन दिसतच राहते. राखाडी, हिरवट, काळा रंग दिसला तर प्रश्नच मिटला.

वासाचं सांगायचं तर चांगल्या मोडांना कच्च्या काकडीसारखा ताजा वास येतो. आंबूस, दारूसारखा किंवा बंद कपाटासारखा कुबट वास आला तर सगळा क्रेट फेकायचा. वरचं काढून खालचं घालायचं, असं चालत नाही. मक्यावर वाढणाऱ्या काही बुरशींतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते धुऊन जात नाही, शिजवून जात नाही, आणि कोकराच्या यकृतावर हळूहळू परिणाम करतं. खाणं कमी, वाढ थांबलेली, कारण सापडत नाही, असं होऊन बसतं. फेकायचं म्हणजे शेणखताच्या खड्ड्यात पुरायचं. उकिरड्यावर टाकलं तर तीच कोकरं किंवा शेजारच्यांच्या कोंबड्या जाऊन खातात.

किती, केव्हापासून, कशासोबत

कोकरू आईजवळ असेल तर दहा-पंधरा दिवसांचं झाल्यावर त्याच्यासमोर चिमूटभर मोड ठेवायला सुरुवात करा. ते खेळत खेळत चाटतं, पोटात फारसं जात नाही. तरी उपयोग असतो. जन्मतः कोकराचं कोटीपोट अगदी लहान असतं, दूध त्याला वळसा घालून पुढे जातं. कोरडं अन्न पडून ते आंबायला लागलं की त्यातून तयार होणाऱ्या आम्लांनी कोटीपोटाचं अस्तर वाढतं. दीड-दोन महिन्यांत ते बऱ्यापैकी काम करू लागतं.

मेंढी खुराक खाऊन टाकते म्हणून कोकरांसाठी वेगळी खोपी करा. बांबूच्या उभ्या पट्ट्या सात-आठ इंचांच्या अंतराने ठोकल्या की कोकरं आत जातात, आया बाहेर राहतात. जुळी असतील तर ही खोपी हवीच. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गरोळ मेंढीचा जुळं देण्याचा गुण आपल्या घाटावरच्या दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ तयार केली. त्या रक्ताच्या मेंढ्या घेतल्या असतील तर आईचं दूध दोघांना पुरेल या भरवशावर राहू नका.

नुसत्या मोडांवर कोकरू वाढत नाही. मक्यात प्रथिनं कमी, कॅल्शियम जवळजवळ नाहीच. वाढत्या कोकराच्या खुराकात सोळा-अठरा टक्के प्रथिनं लागतात. मी वापरतो ते मिश्रण असं, सगळं कोरड्या वजनावर: मका ६० भाग, शेंगदाणा पेंड २५, गव्हाचा कोंडा १२, आणि खनिज मिश्रण, चुनखडीची पावडर, मीठ प्रत्येकी एक. यात प्रथिनं साडेसतरा टक्क्यांच्या आसपास बसतात. शेंगदाणा पेंडीलाही अफ्लाटॉक्सिनची भीती असते, म्हणून ती ताजी, चांगल्या वासाची, थोडी थोडी आणा. सरकी पेंड दुधावरच्या कोकरांना नको, तिच्यातलं गॉसिपॉल लहान वयात बाधतं.

महिन्याच्या कोकराला या खुराकातले ४०-५० ग्रॅम, दोन महिन्यांच्याला शंभर ते दीडशे, तीन महिन्यांच्याला दोनशे ते अडीचशे, चार-पाच महिन्यांच्याला तीनशेच्या पुढेमागे. अंगापिंडाप्रमाणे थोडं कमी-जास्त होतं. समजा तुमच्याकडे पंधरा किलोंची दहा कोकरं आहेत आणि प्रत्येकी अडीचशे ग्रॅम द्यायचे आहेत. म्हणजे रोज दीड किलो कोरडा मका भिजवायचा, त्याचे सव्वादोन ते अडीच किलो मोड निघतील. त्यात सव्वासहाशे ग्रॅम पेंड, तीनशे ग्रॅम कोंडा आणि खनिज मिश्रण, चुनखडी, मीठ प्रत्येकी पंचवीस ग्रॅम कालवायचं. ओल्या मोडांना पेंड आणि कोंडा चिकटतो, त्यामुळे कोकराला निवडून खाता येत नाही. मोडांचा हा फायदा कोणी सांगत नाही, पण रोजच्या कामात तोच जास्त जाणवतो.

बाकीचं पोट चाऱ्याने भरायचं. मुरबाड-शहापूरचं वाळलेलं गवत उत्तम. भाताचा पेंढा पोट भरतो, पोषण फार देत नाही. तो एकटा पुरणार नाही. शेवरीचा, उंबराचा पाला मिळाला तर घाला. सुबाभूळ चालते, पण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नको, त्यातल्या मिमोसिनने मेंढीची लोकर गळते.

खनिज मिश्रण घेताना पिशवीवर ‘मेंढ्यांसाठी’ लिहिलेलं बघा. गाई-म्हशींच्या मिश्रणात तांबं जास्त असतं आणि मेंढीच्या यकृतात ते साठत जातं. गाईला चालतं, शेळीलाही बऱ्यापैकी निभतं, मेंढीला नाही. एरवी काटकसर करा, इथे नको.

गव्हाणीवर

बाहेरून आणलेल्या कोकरांनी आयुष्यात दाणा पाहिलेला नसतो, ती चरून वाढलेली असतात. त्यांना पहिले तीन-चार दिवस फक्त गवत, पाणी आणि विसावा. मग प्रत्येकी वीस-पंचवीस ग्रॅमपासून सुरुवात करून दहा-चौदा दिवसांत ठरलेल्या मापावर या. कोटीपोटातल्या जंतूंची वस्ती बदलायला तेवढा वेळ लागतोच.

सकाळी आधी वाळलेलं गवत टाका, ते अर्धा तास खाल्लं की खुराक. संध्याकाळी तसंच. दिवसाचं माप एकदम न टाकता दोनदा विभागून. प्रत्येक कोकराला गव्हाणीवर पाऊण ते एक फूट जागा हवी, नाहीतर दांडगं कोकरू दोघांचं खातं आणि दुबळं मागे उभं राहतं. मोजून घातलेल्या खुराकाचा सगळा अर्थ तिथे संपतो. तासाभरात उरलेलं उचला. उन्हाळ्यात ओले मोड गव्हाणीत दुपारपर्यंत राहिले की आंबतात. पाणी चोवीस तास समोर, रोज बादली घासून.

रोज सकाळी खाली वाकून लेंड्या बघा. सुट्या, घट्ट लेंड्या पडत असतील तर चाललंय ते बरोबर. गोळा झाल्या, मऊ पडल्या तर खुराक निम्मा करा आणि गवत वाढवा. पातळ, आंबट वासाची हगवण, कोकरू कोपऱ्यात मान टाकून उभं, दात खातंय, डावी कूस फुगलेली, असं दिसलं तर दाणा पूर्ण बंद, फक्त गवत-पाणी, आणि पशुवैद्यक. ही दाण्याची आम्लबाधा असू शकते. ती बहुतेक वेळा पोत्याचं तोंड उघडं राहिल्यामुळे होते. रात्री एखादं कोकरू शिरतं आणि मनसोक्त खातं. धान्याला कडी-कुलूप लावा. अशा वेळी नळकांड्याने तेल, ताक, काढा जबरदस्तीने पाजू नका, फुप्फुसात गेलं तर नवीन दुखणं. खायचा सोडा द्यायचा का आणि किती, ते डॉक्टर वजन विचारून सांगतील. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे.

दुसरं दुखणं आंत्रविषार. चांगलं खाणारं, कळपातलं सगळ्यात गुबगुबीत कोकरू सकाळी मेलेलं सापडतं. पोटातल्या क्लोस्ट्रिडियम जंतूंना जास्त स्टार्च मिळाला की त्यांचं विष वाढतं. खुराकावर कोकरं वाढवायची असतील तर याची लस आधी, खुराक नंतर. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात, वेळापत्रक तुमच्या तालुक्याच्या दवाखान्यात ठरवून घ्या. पीपीआर या मेंढ्या-शेळ्यांच्या साथीच्या रोगाच्या लसीचंही त्याच फेरीत विचारून घ्या.

नर कोकरांना, विशेषतः खच्ची केलेल्यांना, मुतखड्याची भीती. धान्यात आणि कोंड्यात फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी. खुराकात कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट असावं लागतं. वरच्या मिश्रणातली चुनखडी त्यासाठीच आहे, ती ‘दिसत नाही, काय फरक पडतो’ म्हणून गाळू नका. मीठ आणि भरपूर पाणी यानेही खडा टळतो. कोकरू वाकून कळ काढतंय आणि थेंबच येतोय, तर त्याच दिवशी दवाखाना.

पावसाळ्यात

दख्खनी मेंढी कोरड्या मुलखातली. धनगर पावसाआधी घाट चढतात ते उगीच नाही. आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या पावसात कोकरं ठेवायची तर जमिनीपासून उंच, फटी असलेला लाकडी किंवा बांबूचा माच हवा, खालून वारा आणि वरून कोरडं. खूर सतत चिखलात राहिले की कुजतात, आणि ओल्या कुरणात चरली की जंत.

जुलै-ऑगस्टमध्ये मोड करू नका असं माझं स्पष्ट मत आहे. पंचे वाळत नाहीत, वारा असतो पण ओला, दुसऱ्या दिवशीच चिकटपणा येतो. त्या महिन्यांत तोच मका गिरणीतून जाडसर भरडून घाला. पीठ नको, पीठ नाकात जातं आणि पोटात फार भराभर आंबतं. भरड्याने कोकराचं काही अडत नाही. धान्याची पोती भिंतीपासून हातभर लांब, फळ्यांवर ठेवा, आणि पावसाआधी एकदा उन्हात घालून घ्या.

वाढ होते आहे का?

काट्याला गोणपाटाची झोळी लावा आणि दर आठवड्याला त्याच दिवशी, सकाळी खाण्याआधी वजन करा. वहीत लिहा. चांगल्या सांभाळात दख्खनी कोकरू दिवसाला शंभर ग्रॅमच्या आसपास वाढतं, म्हणजे आठवड्याला पाऊण किलोच्या जवळपास. डोळ्यांवर भरवसा नको, लोकर वाढली की कोकरू भरल्यासारखं दिसतं. दोन आठवडे वजन हललं नाही तर लगेच खुराक वाढवू नका. आधी लेंड्यांची तपासणी करून जंत आहेत का बघा, खालची पापणी उलटून रंग बघा. पापणी पांढुरकी असेल तर रक्त पिणारे जंत तुमचा खुराक खात आहेत. जंताचं औषध वजनावर मोजून द्या, अंदाजाने नाही.

आणि गणपतीत, होळीत राखणदार गावी जाणारच. त्या दिवसांसाठी मोडांचा पसारा कोणावर टाकू नका. तीन-चार दिवस आधीपासून मोड कमी करत त्या जागी भरडा वाढवत न्या. दीड किलो मका भिजवत होतात तर दीड किलोच भरडा, अडीच नाही. तो माणूस परत आला की तशाच टप्प्यांनी पुन्हा मोडांवर या.